तेरा वर्षांची मोहिनी : कै. कमलाबाई गोखले



आपल्या मंडळाला यंदा २५ वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिका निघावयाची झाली म्हणजे चिटणीसबाई दरवर्षी माझ्याकडून एखादी पाककृती मागून नेतात. अळूवडी झाली, फणसाच्या आठळ्यांची भाजी झाली, गेल्या वर्षी सांदणेही झाली. यंदा मात्र त्यांनी मला एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावयास सांगितले. मी सातवी शिकलेली बाई. चरित्र म्हटल्याबरोबर मला घामच फुटला. शिवाय जिजाबाई, सावित्रीबाई आणि अहिल्याबाई आधीच तिघीजणींनी वाटून घेतल्या होत्या. मग विचार केला, की गेले वर्षभर ज्या बाईंचे नाव माझ्या मनातून जात नाही, त्यांच्याविषयीच चार शब्द लिहावेत. त्या म्हणजे कै. कमलाबाई गोखले. चूकभूल झाल्यास भगिनींनी पदरात घ्यावी.

मालिका आणि नाटके पाहणाऱ्या आपणां सर्वांना विक्रम गोखले हे नाव ठाऊक आहेच. २०२२ साली नोव्हेंबरात ते गेले, तेव्हा आपल्या कितीतरी जणींनी हळहळ केली होती. त्यांचे वडील चंद्रकांत गोखले, त्या चंद्रकांतांच्या आई कमलाबाई, आणि कमलाबाईंच्या आई दुर्गाबाई कामत. चार पिढ्या तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या असे हे घराणे. पण त्याची सुरुवात कोणा पुरुषापासून झाली नाही. नवऱ्याचे घर सुटलेली एक आई आणि तिची लहानगी मुलगी यांच्यापासून झाली. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. ती कळण्याचे कारणही थोडे घरचेच आहे. ते आधी सांगते, म्हणजे मी या वाटेला कशी गेले ते ध्यानात येईल.

आपल्या मीरारोडला आणि पुढे घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मालिकांचे चित्रीकरण चालते, हे काही नवीन नाही. भाजीला निघाले तरी एखादी मोठी दिव्यांची गाडी आडवी येते. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आमच्या धाकटीला एका मालिकेतल्या छोट्या कामासाठी विचारले. ती बारा वर्षांची आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने हिरकणी केली होती, ती त्यांनी पाहिली होती. काम दोनच दिवसांचे, पण सोपे नव्हते. आई गेली आहे आणि मुलगी तिच्या उशाशी बसून रडते, असा तो प्रसंग. सकाळी आठला आम्ही दोघी तेथे पोहोचलो. रात्रीचे नऊ वाजले तेव्हा तिचा नंबर लागला. तोपर्यंत पोर दोनदा पेंगली, एकदा ओकली. आणि मग दिवे लागल्यावर ती जी रडली, ती खरोखरच रडली. काम थांबले तरी तिचे रडणे थांबेना. तेथील माणसे टाळ्या वाजवीत होती. मी दोरीच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तिची पाण्याची बाटली हातात धरून बसले होते. मला आत जाऊ देत नव्हते.

घरी आल्यावर यजमान काही बोलले नाहीत. सासूबाई मात्र बोलल्या, इमारतीतल्याही दोघी-तिघी बोलल्या. कोणी म्हणाल्या पोरीचे नशीब उघडले, कोणी म्हणाल्या चांगल्या घरच्या मुलींना हे शोभत नाही. या दुसऱ्या बोलण्याचा मला राग आला. तो का आला, हे मलाच नीट कळेना. तेव्हा माझ्या पुतणीने मला दुर्गाबाई आणि कमलाबाई यांच्याविषयी एक लेख वाचावयास दिला. तो वाचला, आणि मग मिळेल तेथून मिळेल ते वाचीत गेले.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. त्यांच्या आई दुर्गाबाई यांचा संसार १९०३ च्या सुमारास मोडला. म्हणजे छोटी कमळा त्या वेळी जेमतेम तीन वर्षांची. आज आपल्यातली एखादी असे घर सोडून निघाली, तर निदान मंडळाच्या दारात येऊन बसू शकते. कोठे पोळीभाजी केंद्रावर, कोठे पाळणाघरात काम मिळू शकते. त्या काळी एकट्या बाईला पोटासाठी दोनच वाटा उघड्या होत्या. एक लोकांच्या घरची धुणीभांडी, आणि दुसरी वाट येथे लिहिण्याजोगी नाही. दुर्गाबाईंनी तिसरी वाट धरली. त्या नाटक मंडळीत शिरल्या.

आज नाटकात काम करणे म्हणजे मानाची गोष्ट आहे. त्या वेळी मराठी रंगभूमीवर शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष, रुक्मिणीही पुरुषच. बालगंधर्वांचे शालू आणि त्यांची नेसण पाहून मोठमोठ्या घरच्या बायका तशी नेसण नेसत असत, असे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पुरुषाने बाई होऊन रंगभूमीवर यावे आणि त्याला लोकांनी डोक्यावर घ्यावे. पण खऱ्याखुऱ्या बाईने तेथे पाऊल टाकले की तिची जात, तिचे नातलग, तिचा शेजार सगळे तिच्यापुढे दार लावून घेत. दुर्गाबाईंच्या वाट्याला हेच आले. फिरत्या मंडळीबरोबर गावोगाव हिंडावयाचे, तीच बिऱ्हाडे, तेच घर. कमळेला त्यांनी आपल्या पदराशीच वाढविले. चार-पाच वर्षांची होते न होते तोच कमळाही रंगभूमीवर उभी राहिली. आपल्या मुली त्या वयात बालवाडीत गाणी म्हणतात. ही नाटकाच्या पेटाऱ्यांवर बसून नकला पाठ करीत होती. शाळा म्हणून काही नाहीच. आई हीच शाळा, आणि रात्रीचा खेळ ही परीक्षा.

आता थोडे दादासाहेब फाळके यांच्याकडे वळावयास हवे.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथे लोकांना दाखविला. त्यात तारामतीचे काम करावयास एकही बाई मिळेना. आपण म्हणू की चांगल्या घरच्या बायका कशाला येतील. पण ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकले होते त्या बायकांनीसुद्धा नकार दिला. नाटकापेक्षाही सिनेमा हीन, असे सर्वांचे मत. शेवटी अण्णा साळुंके नावाचा, उपाहारगृहात काम करणारा एक नाजूक चणीचा तरुण तारामती झाला. रोहिदासासाठीही कोणी आपले मूल देईना, कारण कथेत रोहिदास मरतो. म्हणून दादासाहेबांनी आपला स्वतःचा मुलगा भालचंद्र याला उभे केले. चित्रीकरणाच्या दिवसांत खेळताना पडून भालचंद्राच्या डोक्याला लागले आणि तो बेशुद्ध झाला. त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग टिपला गेला, असे सांगतात. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. सगळे दादासाहेबांचे धैर्य वाखाणतात. मला सरस्वतीबाई डोळ्यांपुढे दिसत राहिल्या. त्या माउलीने आपले दागिने या सिनेमापायी दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधला, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड पाडला, रात्री फिल्म धुण्याचे काम केले. त्यांच्याविषयी कोणीतरी वेगळे लिहावयास हवे. पुढच्या वर्षी स्मरणिकेत लिहिणाऱ्या भगिनींनी मनावर घ्यावे.

'राजा हरिश्चंद्र' चालला, आणि दादासाहेब आपला कारखाना घेऊन नाशिकला गेले. त्याच वर्षी, म्हणजे १९१३ सालीच, त्यांनी दुसरा चित्रपट घेतला, 'मोहिनी भस्मासुर'. या वेळी मात्र पार्वती आणि मोहिनी या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना खऱ्या स्त्रिया मिळाल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई, आणि मोहिनी झाली त्यांची तेरा वर्षांची कमळा. भारतीय पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया त्या ह्या मायलेकी.

भस्मासुराची कथा आपणां सर्वांना पाठ आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म व्हावा असा वर त्याने शंकरापासून मिळविला, आणि तो शंकराच्याच मागे लागला. मग विष्णूने मोहिनीचे रूप घेतले. तिने नाचावयास सुरुवात केली, तो असुर भुलून तिच्यासारखे हावभाव करू लागला, आणि नाचता नाचता तिने आपला हात आपल्या मस्तकावर ठेवला. त्यानेही ठेवला, आणि त्याची राख झाली.

कथा वाचताना हे सोपे वाटते. आता ते काम करणाऱ्या पोरीच्या जागी आपली एखादी तेराची मुलगी कल्पून पाहा. सगळी कथा तिच्या नाचावर टेकलेली. तिने भुलविले नाही तर असुर मरत नाही, आणि देवही वाचत नाहीत. तोंडाने एक शब्द बोलावयाचा नाही, कारण सिनेमा मुका. नाटकात गाणे असते; गाणे रंगले की नटाचे अर्धे काम होते. येथे गाणे नाही, संवाद नाही, समोर लोक नाहीत, टाळी नाही. हाताने फिरवावयाचा कॅमेरा, आणि उजेड काय तो सूर्याचा. म्हणजे अंगावर साजशृंगार चढवून भर उन्हात नाचावयाचे, आणि चेहऱ्यावर मात्र अप्सरेचे हसू. नाटकात आजचा खेळ पडला तर उद्या सावरता येतो. फिल्म महागामोलाची; तेथे एकदा झाले ते झाले. आणि मुख्य म्हणजे मोहिनी ही बाई नव्हेच, बाईचे सोंग घेतलेला देव आहे. तिला भुलवावयाचे आहे, पण मनात कपट ठेवून. तेरा वर्षांच्या मुलीने मोठ्या बाईचे विभ्रम करावयाचे, आणि त्या मोठ्या बाईच्या आत पुन्हा एक पुरुष आहे हे विसरावयाचे नाही. मी तर म्हणेन, भल्याभल्यांना हे जमू नये.

यातली एक गंमत माझ्या फार दिवसांनी ध्यानात आली. तोपर्यंत पुरुषच बाई होऊन पडद्यावर येत होता. ज्या कथेत पुरुषच बाई होतो, नेमके त्याच कथेसाठी पहिल्याने खरी मुलगी आली. दादासाहेबांच्या मनात हे आले होते की नाही, देव जाणे.

तो चित्रपट आज पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या पुष्कळ फिल्म नष्ट झाल्या, तशीच तीही गेली. सुमारे ३२०० फूट लांबीची फिल्म होती, आणि तिच्या जोडीला 'पिठाचे पंजे' नावाची एक छोटी विनोदी फिल्म दाखवीत. काही छायाचित्रे तेवढी छापलेली आढळतात.

आपल्याला वाटेल, एकदा मायलेकींनी वाट पाडली म्हणजे मागून बायका आल्या असतील. तसे झाले नाही. चार वर्षांनी, १९१७ साली, दादासाहेबांनी 'लंका दहन' काढला तेव्हा त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा अण्णा साळुंके यांनीच केल्या! पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये दादासाहेबांची स्वतःची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. ती सातेक वर्षांची होती. या फिल्मचा बराच भाग सुदैवाने टिकला आहे. तिच्या आरंभी मंदाकिनीचा नुसता चेहरा दिसतो, आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. मी तो भाग पुतणीच्या मोबाईलवर पाहिला. पोरीचे डोळे असे काही बोलतात की आपण पाहतच राहतो. पण तीही घरचीच मुलगी; बाहेरची कोणी दिली नव्हती. भालचंद्र घरचा, मंदाकिनी घरची. कमळा मात्र बाहेरून आली, आणि ती आली याला कारण तिची आई. जिच्यापुढे समाजाने आधीच दार लावून घेतले होते, तिला आणखी कोणत्या दाराची भीती दाखविणार?

पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गा खोटे यांनी तारामतीचे काम केले, १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा कोठे सुशिक्षित घरांतून या क्षेत्राकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. त्या सर्वांचे कौतुक व्हावयास हवेच. पण दुर्गाबाई आणि कमळा यांना वीस वर्षे आधी जे ऐकून घ्यावे लागले असेल, ते मनात आणले की मला आमच्या इमारतीतले बोलणे फार किरकोळ वाटू लागते.

सिनेमा झाला आणि कमळा पुन्हा नाटकात परतली. तिचे लग्न झाले ते रघुनाथराव गोखले यांच्याशी. ते नामांकित किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करीत. वय वाढले, आवाज फुटला, आणि मग ते आपल्या भावाच्या नाटक मंडळीत आले. पाहा कसे असते! नवरा लुगडी नेसून गाजलेला, आणि बायको पुढे पुरुषाच्या भूमिकाही करू लागली. कमलाबाईंनी रंगभूमीवर पुरुषी वेषातली कामे केली, गाणी म्हटली, आणि लोकांनी ती उचलून धरली.

हे सुख फार टिकले नाही. कमलाबाई पंचविशीच्या आसपास असतानाच रघुनाथराव गेले. थोरले चंद्रकांत १९२१ चे, म्हणजे अगदीच लहान. मुलगे तीन. आईच्या नशिबी जे आले होते, तेच वेगळ्या रूपाने मुलीच्या दारी आले. एकटी बाई आणि कच्चीबच्ची पोरे. दुर्गाबाईंना नवरा असून नव्हता, कमलाबाईंना नवरा उरलाच नाही. पण या खेपेला निदान हातात कसब होते. आईने पेटाऱ्यावर बसवून जे शिकविले ते आता पोळी होऊन ताटात पडू लागले.

येथे मला दुसऱ्या एका मुलीची आठवण होते. आपल्या मीरारोडला २०२२ साली जे नाट्यगृह सुरू झाले, त्याला जिचे नाव दिले आहे तीच. मास्टर दीनानाथ १९४२ च्या एप्रिलात गेले, आणि त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात लता नावाची मुलगी तोंडाला रंग लावून उभी राहिली. तिलाही तेरावेच लागावयाचे होते. अभिनय तिला मनापासून आवडत नसे. पण मागे आई आणि चार भावंडे होती. नाट्यगृहात आपण तिकीट काढून जातो, फोटो काढतो, वडापाव खातो. त्या नावामागे असे एक वर्ष आहे, हे मला तरी पूर्वी ठाऊक नव्हते.

कमलाबाईंनी तिन्ही मुलगे वाढविले, नुसते वाढविले नाहीत तर घडविले. चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. चंद्रकांतांना शाळेचे शिक्षण असे मिळाले नाही. लिहिणे, वाचणे, हिशेब हे घरीच आईजवळ शिकले. जी स्वतः शाळेत गेली नाही तिने मुलाला अक्षर शिकविले! मी सातवीनंतर शाळा सोडली याची मला आजवर लाज वाटत असे, मुलांच्या वह्या पाहावयासही मी बिचकत असे. हे वाचल्यापासून धाकटीची मराठीची वही मीच पाहते. गणित अजून यजमानांकडे आहे.

चंद्रकांतही लहानपणीच रंगभूमीवर आले. म्हणजे दुर्गाबाईंनी कमळेला नेले, आणि कमलाबाईंनी चंद्रकांतला. त्यात हौस किती आणि गरज किती याचा हिशेब बाहेरच्याने मांडू नये. पण पुढे याच चंद्रकांतांनी लढाईत जायबंदी झालेल्या जवानांसाठी आपल्या मिळकतीतून रकमा दिल्या, हेही सांगितले पाहिजे. कमी असलेल्या घरातले हात असे सैल कसे होतात, याचे मला नेहमी नवल वाटते. २००८ साली ते वारले.

कमलाबाईंनी बोलपटांतूनही कामे केली. सारी मिळून पस्तीसेक फिल्म त्यांच्या नावावर सांगतात. मुक्या सिनेमाच्या पहिल्या वर्षात नाचलेली मुलगी १९८० सालच्या 'गहराई' या रंगीत हिंदी चित्रपटात ऐंशीव्या वर्षी पुन्हा दिसली. एका माणसाच्या आयुष्यात हे सारे मावले.

आता घरच्या गोष्टीचा राहिलेला भाग. आमच्या धाकटीला पुन्हा बोलावणे आले. या खेपेला काम मोठे, सहा महिन्यांचे. यजमानांनी निर्णय माझ्यावर टाकला. मी चौकशी केली तेव्हा समजले की २०१७ पासून याचे नियमच झाले आहेत. बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडू द्यावयाची नाही, आणि मिळकतीतला निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावाने बँकेत मुदतठेवीत ठेवावयाचा. आपल्या भागातून पुष्कळ मुले अशा कामांना जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. मी त्या गृहस्थांना सांगितले, की मुलीला पाठवीन. पण पाच तास, आणि मी तिला दिसेन अशा ठिकाणी बसेन. दोरीच्या बाहेर नाही. त्यांनी कळवितो म्हणून सांगितले. त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

धाकटी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचेही खरेच आहे. तिला ते काम आवडले होते. त्या रात्री रडून आल्यावर ती मला म्हणाली होती, की रडताना तिला आतून फार मोठे झाल्यासारखे वाटले. हे मी कोणाला सांगितले नव्हते, येथे लिहिते आहे. माझ्याही लहानपणी शाळेतल्या नाटकात मला एक काम मिळाले होते, आणि घरच्या मोठ्या माणसांनी ते करू दिले नाही. त्याच वर्षी शाळाही सुटली. त्यामुळे मी हिच्या पायात पाय घातला की हिला सावरले, हे माझे मलाच काही दिवस कळत नव्हते. अशा वेळी मला 'मोहिनी भस्मासुर' आठवे. त्या फिल्ममध्ये मोहिनी नाचत होती आणि तिची आई पार्वती झालेली होती. आई त्याच उन्हात होती, त्याच कारखान्यात, तोच रंग तोंडाला लावून. लोक जे काही मुलीला बोलणार होते, ते आधी आईला बोलून झालेले होते.

कमलाबाईंना खूप आयुष्य लाभले. रीना मोहन या दिग्दर्शिकेने १९९२ साली त्यांच्यावर 'कमलाबाई' याच नावाचा एक माहितीपट केला. त्यात पुण्याच्या घरात राहणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या कमलाबाई आहेत. अंग थकलेले, दृष्टी अधू. पण जुन्या नाटकांचे विषय निघाले की म्हातारी एकदम ताठ होते, आणि हात, मान, डोळे आपोआप कामाला लागतात. त्यानंतर काही वर्षांनी, विसावे शतक सरत आले असताना, त्या वारल्या.

धाकटीशी माझे आता बोलणे सुरू झाले आहे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आपण 'मोहिनी-भस्मासुर' ही नृत्यनाटिका करीत आहोत, हे सर्वांना ठाऊक आहेच. मोहिनी तीच होणार आहे. भस्मासुराचे काम चिटणीसबाईंकडे आहे, कारण उंची आणि आवाज दोन्ही त्यांच्याजवळ आहेत. पार्वतीचे नाव कोणी घेईना, तेव्हा ते मी घेतले. संवाद चारच आहेत, तरी अजून पाठ होत नाहीत. तालीम रोज दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत असते. पार्वतीला शोभेलशी पांढरी किंवा हिरवी नऊवारी कोणाकडे असल्यास कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस माझ्याकडे पोहोचती करावी. धुऊन, इस्त्री करून परत देईन.